पायडल

आमच्या घरात लिहिण्याचा एकच नियम होता: मागणी पहिल्या ओळीत. माझे वडील साखर कारखान्यातल्या कामगारांची पत्रकं लिहायचे आणि ती छापून आली की घड्या घालायला मला बसवायचे. मला अक्षरं पुस्तकातून कमी आणि त्या पत्रकांतून जास्त समजली. 'कमळ'च्या आधी मी 'कायम करा' वाचलं असेल. पत्रक वाचणारा माणूस सायकलवरून एक पाय टेकवून उभा असतो, त्याला पाळीवर जायचं असतं. त्याला काय ते लगेच सांगा, असं वडील म्हणायचे. आडून बोलणारा माणूस एकतर घाबरलेला असतो, नाहीतर मॅनेजरचा असतो.

म्हणून बाईंनी ते 'आधीचं' माझ्यासमोर ठेवलं तेव्हा मला ते मुळीच आवडलं नाही.

बाई म्हणजे आमच्या चर्चमध्ये चाळीस वर्षं पायपेटी वाजवणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. बेलापूरपासून थोडं आत आमचं गाव. निम्मं गाव त्यांच्या हाताखाली शिकलेलं, त्यामुळे त्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात. पायपेटी ही कपाटाएवढी. खाली दोन लाकडी फळ्या असतात, त्या आळीपाळीने दाबल्या की आतला भाता चालतो आणि वर बोटांखाली सूर येतो. पाय थांबले की सूर मेला. या दाबण्याला आमच्याकडे सायकलसारखंच पायडल मारणं म्हणतात. बाईंचे गुडघे गेले, पायडल मारवेना, आणि मी श्रीरामपूरच्या शाळेत नोकरीला लागून गावात राहायला परत आले होते. आईने परस्पर चर्चच्या पाळकसाहेबांना सांगून टाकलं, की आमचीला येतं थोडं थोडं, लहानपणी शिकलीय.

"मी प्रार्थना करत नाही," मी पहिल्याच दिवशी बाईंना सांगून मोकळी झाले.

"मला तुझे हातपाय पाहिजेत," बाई म्हणाल्या. "आत्म्याचं पाळकसाहेब बघतील."

साधी गीतं मला महिन्याभरात जमली. मग एका शनिवारी दुपारी बाईंनी पिशवीतून एक जुनी वही काढली. आत चार पानांवर त्यांनी स्वतः हाताने उतरवलेलं नोटेशन. तरुणपणी त्या नगरला शिकत होत्या, तेव्हा एका परदेशी पाहुण्या बाईकडच्या पुस्तकातून दोन दुपारी बसून त्यांनी ते उतरवून घेतलं होतं. आमच्या चर्चमध्ये सुगीच्या उपकारस्तुतीला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या दिवशी, जे गीत म्हणतात, त्याची चाल मूळची जर्मन. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन ऑर्गनवाल्याने त्या चालीवर ही रचना केली होती. गीत सुरू होण्याआधी एकट्या ऑर्गनवर वाजवायची. जगात त्याला कोराल प्रिल्यूड म्हणतात, हे मला नंतर कळलं. बाई त्याला 'आधीचं' म्हणायच्या.

मी वाजवायला बसले. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. हात धावतायत, खालचा आवाज वरच्याच्या मागे, वरचा खालच्याच्या पुढे, पण गीत कुठंच नाही.

"बाई, चाल कुठे आहे?"

"येईल."

"कधी?"

"पान उलट."

पान उलटल्यावर ती आली. वरच्या सुरात, सावकाश, गीताची पहिली ओळ. मी ओळखली, खूश झाले, तोवर ती गेली. पुन्हा तीच धावाधाव. मग कितीतरी वेळाने दुसरी ओळ, आणि पुन्हा गायब. मला मॅनेजरची आठवण आली.

"हे लपवालपवी कशाला?" मी म्हणाले. "चार ओळींचं गीत आहे. सरळ वाजवा आणि म्हणा."

"तुला भूक लागलीय का?"

"नाही."

"मग घाई कसली?"

हा वाद आमच्यात दर शनिवारी व्हायचा आणि त्यात दोघींनाही मजा यायची, हे मी कबूल करते. माझं म्हणणं एवढंच, की जी गोष्ट खरी आहे ती झाकून का ठेवायची? बाई एकदा म्हणाल्या, "झाकलेली नाही. खालचे सूर जे धावतायत ना, ते त्याच ओळीचं घाईघाईने बोलणं आहे. नीट ऐक." मी नीट ऐकलं. खरंच, गीताच्या पहिल्या ओळीचेच सूर खाली चौपट वेगाने, पोरांनी जेवायच्या आधी ताटं वाजवावीत तसे चालले होते. म्हणजे चाल पहिल्या क्षणापासून तिथं होती, मला तिचा चेहरा तेवढा दिसत नव्हता. मी हे मान्य केलं, पण तोंडाने बोलले नाही.

त्या वहीत ठिकठिकाणी, या धावणाऱ्या सुरांच्याही खाली, अगदी तळच्या सुरांपाशी, तीन इंग्रजी अक्षरं लिहिलेली होती: पेड. आणि पुढे टिंब.

"इथे पायडल जोरात मारायचं," बाईंनी शिकवलं. "वारा जास्त लागतो."

"आणि हे सगळ्यात खालचे सूर? इथपर्यंत डावा हात पोचत नाही. मधले सूर वाजवू की हे?"

"ते सोडायचे." बाईंनी आपला तळहात पट्ट्यांवर पसरून दाखवला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जेमतेम आठ पट्ट्या. "गोऱ्यांचे हात मोठे असतात. त्यांच्यासाठी लिहिलेलं आहे ते. मी कधीच वाजवले नाहीत. आपले हात एवढेच."

मीही सोडले. दोन महिने मी 'पेड.' आलं की मांड्या दुखेपर्यंत पायडल मारलं आणि खालचे सूर सोडले.

मग एकदा शाळेतल्या मधल्या सुट्टीत मोबाईलवर मी त्याच रचनेचा व्हिडिओ शोधून काढला. कुठल्यातरी थंड देशातलं मोठं चर्च, भिंतभर नळ्यांचा ऑर्गन, आणि वाजवणारी एक बुटकी म्हातारी. तिचे हात बाईंपेक्षाही लहान असतील. कॅमेरा खाली गेला आणि मी डबा बाजूला ठेवला. तिच्या पायांखाली लाकडी पट्ट्यांची ओळ होती, पेटीवर हातांना असते तशीच, पण लांबलचक. काळ्या बुटांच्या टाचा आणि चवडे त्या पट्ट्यांवरून सरकत होते. ती वारा भरत नव्हती. तिचे पाय सूर वाजवत होते. आपण सोडतो तेच, सगळ्यात खालचे.

पेड. म्हणजे पायडल मारा असं नव्हतं. पेड. म्हणजे हे सूर पायांनी वाजवा.

मला आधी हसू आलं. मग मला राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. चुकीबद्दलचा नाही, चूक कोणाचीही होते. राग त्या 'आपले हात एवढेच'चा. एक हुशार बाई चाळीस वर्षं समजून चालली की जे राहून गेलं ते तिच्या हाताच्या मापामुळे राहिलं. तिचे हात व्यवस्थित होते. तिला दिलेल्या पेटीला ते सूर पायांनी वाजवायच्या पट्ट्याच नव्हत्या. जे आपल्यापर्यंत पोचवलंच गेलं नाही, त्याचं कारण माणूस आपल्या अंगात शोधत बसतो. याच्याविरुद्धच तर माझ्या वडिलांनी आयुष्यभर पत्रकं काढली.

तेव्हा मी जे केलं ते पत्रकवाल्याच्या घरचंच होतं. घरी मुद्रितं तपासायला लाल पेन असायचं. चुकीच्या शब्दाला गोल, समासात दुरुस्ती. शनिवारी मी चर्चमध्ये लवकर गेले, बाईंची वही उघडली, प्रत्येक 'पेड.'ला लाल गोल केला आणि पहिल्या पानाच्या समासात ठळक लिहिलं: 'भाता नव्हे. पाय. सूर पायांनी वाजवायचे.' मागणी पहिल्या ओळीत.

बाई आल्या. मी त्यांना आधी व्हिडिओ दाखवला. त्यांनी चष्मा वर करून, मोबाईल नाकाशी धरून तो पूर्ण पाहिला. मग वही पाहिली. पान उलटलं, दुसरं उलटलं. चारही पानं झाल्यावर त्यांनी वही मिटली आणि पेटीचं झाकण लावलं.

"उद्या तूच वाजव," त्या म्हणाल्या.

"बाई, तुमची चूक नव्हती, मला तेच सांगायचं होतं."

"कळलं मला. ठळक लिहिलंयस."

त्यानंतर बाई पेटीपाशी आल्या नाहीत. रविवारी तिसऱ्या बाकावर बसायच्या, गीतं म्हणायच्या आणि पेटीकडे न बघता घरी जायच्या. मी वाजवत राहिले. भक्तीनंतर आज्या माझ्याजवळ येऊन म्हणायच्या, "बाय, लई भरभर वाजवती तू. दम लागतो आमाला." वही बाई सोबत घेऊन गेल्या होत्या. माझ्याकडे मोबाईलमध्ये काढलेले फोटो होते, लाल गोलांसकट.

ते खालचे सूर मला सोडवेनात. एकदा त्यांचा पत्ता लागल्यावर ते न वाजवता पुढं जाणं म्हणजे अर्ध्या सह्यांचं निवेदन देण्यासारखं होतं. मी माझ्या मामेभावाकडे गेले. त्याचं बेलापूरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि लग्नसराईत तो बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो. त्याने स्क्रू तोंडात धरूनच माझं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी मी पाय व्हायचं?"

"व्हय."

"बँडमधी मला लीड देत्यात, ताई. आन् तू मला पाय करती."

"सगळं तुझ्यावर उभं राहील."

"हे कामगारांना सांगत असत्यात तुमी," तो म्हणाला, पण हसला. "बगू फोटो. हे लाल काय हाय?"

"दुरुस्ती."

"बाईच्या वहीवर? लाल पेनानं?" त्याने स्क्रू तोंडातून काढला. "तिसरीत बाईनं माझी वही लाल केलती, तवा मी दोन दिवस जेवलो न्हाई. आन् तू बाईची केली?"

मला तोवर ते तसं दिसलंच नव्हतं.

तो एका रविवारी दुपारी कीबोर्ड घेऊन चर्चमध्ये आला. आधी दोन्हींचा सूरच जुळेना. "तुमची पेटी पाव सूर खाली हाय," म्हणत त्याने कीबोर्डची बटणं दाबत दाबत तो पेटीइतका खाली उतरवला. मग आम्ही वाजवलं. सूर सगळे होते, पण एकमेकांवर बसत नव्हते. मी गीताची ओळ आली की ठोकून सांगत होते, आणि ती नसेल तेव्हा ती येईपर्यंत पळत होते. तिसऱ्यांदा थांबल्यावर तो म्हणाला, "ताई, तू भाषण करती. बाई असं वाजवत न्हाई. बाईला बोलव."

संध्याकाळ व्हायच्या आत मी बाईंच्या घरी गेले. त्या ओट्यावर मेथी निवडत होत्या. मी न सांगताच समोर बसून निवडायला घेतली.

"मला माफ करा," मी म्हणाले.

"कशाबद्दल?"

"चूक दाखवली त्याबद्दल नाही. लाल शाईबद्दल."

"हं." त्यांनी माझ्या वाटणीच्या जुडीतली पिवळी पानं काढून टाकली. "चूक दाखवलीस ते बरंच झालं. चाळीस वर्षं मी पोरांच्या वह्या लाल केल्या, आता कळलं कसं लागतं ते." मग त्यांनी पुढची जुडी सोडली. "एक सांग. तुला खोटं बोलता येत नाही म्हणून तुलाच विचारते. मी इतकी वर्षं जे वाजवलं, ते 'आधीचं' होतं का? की काहीतरी भलतंच वाजवत होते मी?"

 मी हातातल्या काडीची पानं खुडून घेतली.

"अर्धं होतं," मी म्हणाले. "मला वाटतं, अर्धं होतं. पण बाकीचं अर्धं आम्ही वाजवतोय, तर ते तुमच्या अर्ध्याशिवाय उभंच राहत नाही."

"'आम्ही' कोण?"

मी सांगितलं.

"तो? त्याला तिसरीत 'ळ' काढता येत नव्हता."

"आता कीबोर्ड वाजवतो."

"माझ्या गुडघ्यांचं काय?"

"पायडल मी मारते. तुम्ही फक्त हात ठेवा."

बाईंनी निवडलेली मेथी चाळणीत टाकली. "मला ते खालचं ऐकायचं आहे," त्या म्हणाल्या. "बाकी कशासाठी मी येत नाहीये, हे लक्षात ठेव. मी काय बरोबर वाजवलं आणि काय चुकलं, ते मला माझ्या कानाने बघायचंय."

मेथी संपता संपता मी माझा जुना प्रश्न पुन्हा काढला. चाल अशी थांबून थांबून का येते? या वेळी बाईंनी भुकेचं विचारलं नाही. "तुझं पत्रक ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी असतं," त्या म्हणाल्या. "हे ज्यांना गीत पाठ आहे त्यांच्यासाठी केलंय. पाठ असलेली गोष्ट माणूस ऐकत नाही, नुसता म्हणत सुटतो. म्हणून एक ओळ द्यायची आणि थांबायचं. बघ म्हणायचं, आत्ता काय म्हणालास ते."

 वडिलांच्या सभांमध्ये पाठ घोषणा देणारी तोंडं मला आठवली, त्यात माझंही एक.

सुगीच्या उपकारस्तुतीच्या दिवशी चर्चमध्ये वेदीपुढे उसाची मोळी, बाजरीची कणसं, कांद्याच्या पाट्या, भोपळे रचून ठेवलेले होते. बाई पेटीपुढच्या बाकावर बसल्या. बाकावर दोघींना जागा नव्हती, म्हणून मी खाली फरशीवर, पेटीच्या कडेला बसले आणि दोन्ही पायडल हातांनी दाबायला घेतली. भाऊ शेजारी कीबोर्ड घेऊन होता. मला तिथून लोक दिसत नव्हते. मला बाईंच्या साडीची कड, त्यांचे मोकळे पाय आणि भोपळ्यांचा ढीग दिसत होता.

बाईंनी सुरुवात केली. धावणारे सूर सुरू झाले, पण ते माझ्यासारखे पळत नव्हते. मग कीबोर्डमधून तो खालचा सूर आला, मंद, फरशीतून मला मांडीला लागला. बाईंचे हात किंचित अडखळले. मला वाटलं थांबतायत. थांबल्या नाहीत.

आणि मग वर गीताची पहिली ओळ आली.

आमच्याकडे रिवाज असा, की पेटीवर गीताची ओळख पटली की मंडळी उठून उभी राहते आणि म्हणायला लागते. पाळकसाहेबांनी सांगायची वाट कोणी बघत नाही. हे आम्हा तिघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. बाई इतकी वर्षं हे एकट्याच शनिवारी वाजवत आल्या होत्या, रविवारी कधीच नाही. ओळ आली, बाक कुरकुरले, सगळं चर्च उभं राहिलं आणि पूर्ण आवाजात पहिली ओळ म्हणू लागलं.

ओळ संपली. पुढची ओळ म्हणायला लोकांनी श्वास घेतला, आणि पेटी पुढच्या ओळीवर गेलीच नाही. दोन-चार आवाज पुढे गेले आणि बुजून थांबले. कोणीतरी खोकलं. मागून एक आजी मोठ्याने म्हणाली, "काय झालं, पेटी बिगडली का काय?" भावाने माझ्याकडे पाहिलं. त्याला उठून पळायचं होतं, हे मला दिसत होतं.

"वाजव," बाई ओठ न हलवता म्हणाल्या.

तो वाजवत राहिला. खालचे सूर एकेक पायरी उतरत गेले, मधले त्यांच्यावरून धावत राहिले, आणि अख्खी मंडळी उभी राहून, पुस्तकं हातात धरून, न म्हणता नुसती ऐकत राहिली. त्यांना वेगळं काय करता येणार होतं? मग दुसरी ओळ आली. या वेळी लोक तिच्यावर तुटून पडले नाहीत, तिच्यासोबत हळूच आत आले. पुन्हा ती थांबली, पुन्हा लोक थांबले. तिसऱ्या ओळीच्या आधी तर मी ऐकण्यात अशी गुंतले की माझे हात मंदावले आणि सगळ्या पेटीचा सूर रडवेला व्हायला लागला.

"वारा!" वरून बाईंचा आवाज आला. मी घाईघाईने पायडल दाबलं.

शेवटच्या ओळीनंतर बराच वेळ खालचा सूर एकटाच धरून राहायचा असतो. तो संपल्यावरही कोणी बसलं नाही. पाळकसाहेबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "आता... हेच गीत म्हणू या." लोक हसले, आणि मग त्यांनी ते सरळ, चार ओळी सलग म्हटलं, पण माझ्यामागे म्हणायचे त्यापेक्षा सावकाश.

भक्तीनंतर लोक बाहेर भोपळे आणि कांदे बघण्यात गुंतले. ती मघाची आजी बाईंना म्हणाली, "बाई, मधीमधी थांबलं ते बरं वाटलं. दम खाता आला." बाईंनी मान हलवली. भाऊ वायर गुंडाळत होता.

"थांब," बाई त्याला म्हणाल्या. "लाव परत ती."

"काय झालं, बाई? चुकलं का कुठं?"

"मला फक्त तुझं ऐकायचंय. पायांचं. दुसरं काही नको."

बाई उठल्या आणि तिसऱ्या बाकावर जाऊन बसल्या. त्याने वायर लावली आणि खालचे सूर एकटे वाजवले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकटे ऐकले तर ते फारसे काही नव्हते. खाली उतरायचे, एका सुरावर थांबायचे, दोन पावलं वर यायचे. बाई गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होत्या आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर त्यांचे स्वतःचे, इतक्या वर्षांचे सूर वाजवत होती. मी ते बघत होते. बोटं एकदाही अडली नाहीत.

तो थांबल्यावर बाई म्हणाल्या, "बसतंय. सगळं बसतंय त्यावर." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझं अर्धं वगैरे नाही. मी वाजवत होते ते तेच होतं." आणि त्याला: "पुन्हा वाजव. दुसऱ्या ओळीच्या आधी तू घाई करतोस."